फोंड्याहून पुण्याला: सामान फुटलं नाही, पण ओल शिरली

घर हलवायचं म्हटलं की जो भेटेल तो एकच सांगतो, काचसामान नीट बांधा. मीही दीड महिना तेवढीच काळजी केली. प्रत्यक्षात आमच्या ७४ खोक्यांतल्या एकाही कपाला तडा गेला नाही. शोकेसची एक काच गेली, तिचे पैसेही विम्यातून मिळाले. जे खराब झालं ते ओलीने, आणि तेही सामान आमच्याच पडवीत असताना. ट्रक यायला तेव्हा दहा दिवस होते. गोव्यातून पावसाच्या तोंडावर कोणी सामान हलवणार असेल तर त्याला हे आधी कळावं, म्हणून सगळं तारीखवार लिहून काढतेय.

नवऱ्याची कुंडई औद्योगिक वसाहतीतली नोकरी चाकणला हलली. पत्र हातात पडलं २०२४ च्या मार्चअखेरीस, तिकडे हजर व्हायचं होतं १ जुलैला. मुलगा आठवीत जाणार होता आणि पुण्याची शाळा १५ जूनला उघडणार होती. म्हणजे निघायचं ते नेमकं मृगाच्या पावसात. फोंड्याजवळ ढवळीच्या ज्या घरात आम्ही १६ वर्षं भाड्याने राहिलो ते जुनं, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतींचं, पुढे लांब पडवी आणि वर मंगळुरी कौलं. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा नाही. पण चिरा पाणी ओढतो, हे पुढे येणारच आहे.

सासूबाईंचं वय ८१. त्यांना हे घर सोडायचं कसं सांगायचं, याचाच मला घोर लागला होता. ९ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, त्यांनी गावच्या देवळात जाऊन प्रसाद लावून घेतला, म्हणजे देवीला कौल मागितला. उजवी पाकळी पडली. घरी आल्यावर चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "देवीची रजा मिळाली. आता आवरायला घे." त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी एकदाही माघार घेतली नाही. मीच मधूनमधून रडत होते.

आवरायला घ्यायचं म्हणजे आधी कमी करायचं. पॅकर्सवाले पैसे लावतात ते ट्रकमधल्या जागेचे, त्यामुळे माळ्यावरची न लागणारी कढई पुण्यापर्यंत नेण्याचंही भाडं आपणच भरतो. आम्ही तीन ढीग केले: न्यायचं, द्यायचं, भंगार. भंगाराचे १,१४० रुपये आले. प्लायवुडची दोन कपाटं शेजारच्या वहिनींना दिली. हा निर्णय सुताराला विचारून घेतला. त्याचं म्हणणं, सागवानाचा पलंग दहा वेळा सोडून जोडा, काही होत नाही. प्लाय आणि पार्टिकल बोर्डमध्ये मात्र स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तसा घट्ट बसत नाही. पुण्यात नवं कपाट घ्यायचा खर्च आला, पण डुगडुगणारं कपाट नेऊन तोच खर्च सहा महिन्यांनी करण्यापेक्षा हे बरं.

२० ते २५ एप्रिल या दिवसांत तीन कंपन्यांकडून दर घेतले. एकाने घर न पाहता फोनवरच २४,००० सांगितले आणि सगळी रक्कम आधी मागितली. दुसऱ्याने ५८,००० सांगितले. तिसऱ्याचा माणूस घरी आला, दीड तास खोलीखोलीत फिरून यादी केली, माळ्यावर चढून पाहिलं, आणि ४२,००० अधिक १८ टक्के जीएसटी असा लेखी दर दिला, म्हणजे एकूण ४९,५६०. आम्ही तोच घेतला, ५,००० रुपये आगाऊ देऊन. त्याआधी नवऱ्याने त्यांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. नाव आणि पत्ता तिथे फुकट दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते प्रत्येकाने करावंच.

दर घेताना एक प्रश्न नक्की विचारा: ट्रक फक्त आपला, की दुसऱ्यांच्या सामानाबरोबर? दुसरा प्रकार स्वस्त पडतो. आम्हाला १२,००० नी कमी सांगितला होता. पण त्यात सामान मध्ये कुठेतरी गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात. जूनमध्ये भर पावसात दोनदा जास्तीचं चढवणं-उतरवणं मला नको होतं. आम्ही चौदा फुटी ट्रक पूर्ण घेतला.

मग विमा. इथे दोन गोष्टी सारख्या वाटतात आणि सारख्या नसतात. कंपनीची स्वतःची 'रिस्क कव्हर' म्हणजे त्यांनी दिलेला शब्द. ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणजे विमा कंपनीची खरी पॉलिसी, पॉलिसी क्रमांकासकट. आम्ही दुसरी घेतली. सामानाची किंमत ३ लाख जाहीर केली, दर दीड टक्का, म्हणजे ४,५०० आणि त्यावर जीएसटी धरून ५,३१०. पॉलिसीत एक अट होती, जी आधी माहीत असती तर मी कामाची वाटणी वेगळी केली असती: घरच्यांनी स्वतः बांधलेल्या खोक्यांतल्या मोडतोडीला भरपाई नाही. कंपनीच्या माणसांनी बांधलेल्यालाच आहे. म्हणून काच, मिक्सर, टीव्ही, फ्रिज त्यांच्याकडे सोपवा. पुस्तकं, कपडे, स्टीलची भांडी आपण बांधा.

विम्यासाठी एकेका वस्तूची किंमत लिहून द्यायची असते. तो माणूस फॉर्म भरत बसला होता. फ्रिज १८,०००, वॉशिंग मशीन १५,०००, असं करत पडवीच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या माटोळीकडे बोट करून त्याने विचारलं, हे काय, आणि किती लिहू? चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायची ती लाकडी चौकट, जिला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, रानातली फळं, तोरिंगं असं सगळं बांधतो. आमची फणसाच्या लाकडाची, नवऱ्याच्या आजोबांनी करून घेतलेली. सासूबाई म्हणाल्या, "तिची किंमत नको लिहू. ती आमच्याबरोबर गाडीत येईल." त्याच क्षणी आमची एक वेगळी यादी सुरू झाली, कुठल्याच फॉर्ममध्ये न बसणाऱ्या वस्तूंची: माटोळी, नवऱ्याचं घुमट हे मातीचं वाद्य, देव, आणि माझ्या वडिलांची भजनाची वही. वही मात्र मी त्या यादीत ठेवली नाही. पुस्तकांच्या खोक्यात घातली.

७ मेला लोकसभेचं मतदान होतं. सकाळी लवकर जाऊन मत दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कागदपत्रांच्या मागे लागलो.

गॅसचं आधी सांगते, कारण त्याची बहुतेकांना कल्पना नसते. भरलेला किंवा रिकामा, सिलिंडर सामानाच्या ट्रकमधून नेता येत नाही. दुसऱ्या राज्यात जाताना दोन्ही सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करायचे, ते टर्मिनेशन व्हाउचर देतात आणि मूळ अनामत परत करतात. ते व्हाउचर दाखवून नव्या गावी नवी जोडणी मिळते, आजच्या दराने. आमची अनामत जुन्या दराची होती, पुण्यात एका सिलिंडरचे २,२०० आणि रेग्युलेटरचे २५० भरले. शिल्लक गॅसचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा शेवटचा सिलिंडर जपून लावा. मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे जोडणी घेताना मिळालेला कागद, आम्हाला घरभर शोधून सापडलं नाही, म्हणून नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. २५० रुपये आणि एक अख्खा दिवस. आजच तुमचा तो कागद कुठे आहे ते बघून ठेवा.

स्कूटर जीए-०५ ची. दुसऱ्या राज्यात कायमची न्यायची तर फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला घ्यायचा आणि तिकडे बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी करायची. १३ मेला अर्ज केला, तो अडला, कारण हेल्मेटचं ५०० रुपयांचं एक जुनं चलन भरायचं राहिलं होतं. ते भरल्यावर २७ मेला दाखला हातात आला. अर्ज करायच्या आधीच परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून चलन तपासा. शाळेचा दाखला चार दिवसांत मिळाला, पण पुण्याच्या शाळेला त्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी हवी होती, ती घ्यायला मी तीनदा खेपा घातल्या. पहिल्या खेपेला मूळ दाखल्याबरोबर दोन झेरॉक्स आणि आधार नेलं असतं तर दोन खेपा वाचल्या असत्या.

हे चालू असतानाच १० ते १९ मे या दिवसांत मी पुस्तकं आणि साड्या बांधून टाकल्या. कंपनीने खोके आधी पाठवले होते. काम मी मन लावून केलं होतं. पुस्तकांना छोटे खोके, म्हणजे एका माणसाला उचलता येतील, पंधरा किलोच्या आत. तळाला चिकटपट्टी नुसती मधून न लावता इंग्रजी 'एच'सारखी, दोन्ही कडांवरूनही. जड पुस्तकं खाली, हलकी वर, पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे. साड्या मलमलच्या कापडात. असे अकरा खोके चिकटपट्टीने पक्के बंद करून पडवीत भिंतीला लावून दोन थरांत रचले. प्रत्येकावर स्केचपेनने नाव लिहिलं. अकरा खोके पाहून मला फार हायसं वाटलं होतं.

२० तारखेनंतर संध्याकाळच्या वळवाच्या सरी सुरू झाल्या. पडवीत पाणी आलं नाही. कौलही गळलं नाही. सगळं जागच्या जागी होतं.

२ जूनला, रविवारी, नवऱ्याला बँकेचं एक जुनं पासबुक हवं होतं, ते पुस्तकांत गेलं असणार म्हणून खालच्या थरातला खोका ओढला. तळ फरशीला चिकटला होता. पुठ्ठा हाताला ओल्या पोळीसारखा लागला आणि उचलताच फाटला. कुबट वास आला. पुस्तकांच्या कण्यांवर पांढुरकी, मखमलीसारखी बुरशी. स्केचपेनची अक्षरं ओघळून नुसते रंग उरले होते. खालच्या थरातले सहाच्या सहा खोके तसे होते. चिऱ्याने बाहेरची ओल आत ओढली होती आणि फरशीने खालून दिली होती. मी घट्ट बंद केलेल्या खोक्यात ती कोंडून राहिली. मे महिन्यातल्या हवेतच किती ओल असते! बांधतानाच मी ती पुस्तकांबरोबर आत बंद केली होती.

वडिलांची वही सर्वात तळाला होती. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची. ते सप्ताहात भजनाला बसायचे, आणि अभंग शाईच्या पेनाने निळ्या अक्षरांत लिहून ठेवायचे. समासात पेन्सिलीने बारीक खुणा असायच्या, कुठे थांबायचं, कुठली ओळ दोनदा घ्यायची. शेवटची चाळीसेक पानं ओली होऊन एकमेकांना चिकटली होती. एकेक पान सोडवलं तसं दिसलं की शाई पसरून ओळींचे निळे ढग झालेत. पेन्सिलीच्या खुणा मात्र जशाच्या तशा. 'दोनदा' असा शब्द समासात स्वच्छ दिसतोय, आणि कुठली ओळ दोनदा ते गेलंय. मी पडवीतच बसून राहिले. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातून वही घेऊन पदराने एकेक पान टिपत राहिल्या.

पुढचे सहा दिवस सगळं उलगडून सुकवण्यात गेले. बाहेर ऊन नव्हतं. पुस्तकं टेबलावर उभी, पानं पंख्यासारखी उघडून, समोर टेबलफॅन, दोन रात्री. ओल्या पानांमध्ये कोऱ्या कागदाचे तुकडे, दर तीन-चार तासांनी बदलायचे. बुरशी पुसायची ती सुकल्यावर, कोरड्या फडक्याने, नाकाला कापड बांधून आणि घराबाहेर. ओली असताना पुसली की आत चोळली जाते. ओल्या फडक्याचा तर विचारही करू नका. साड्यांना वास लागला होता, डाग नव्हते. त्या दोरीवर पसरून पंखा लावला आणि इस्त्री फिरवून परत घडी केल्या, घडीच्या रेघा बदलून.

दुसऱ्या वेळी कसं बांधलं ते नीट सांगते, कारण या सगळ्यातून कामाचं असं हेच आहे. पुस्तकं आणि कपडे सर्वात शेवटी बांधले, ट्रकच्या आदल्या तीन दिवसांत. खोक्यात आधी प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तिच्यात पुस्तकं, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. या पुड्या औषधाच्या दुकानदाराकडे साठलेल्या असतात, मला त्याने फुकट दिल्या; पुडी सोडून आतले दाणे वाटीत मंद आचेवर गरम केले की परत ओल शोषतात. पिशवीचं तोंड बांधायचं ते वस्तू हाताला पूर्ण कोरडी लागल्यावरच, नाहीतर प्लॅस्टिक उलटं घात करतं. डांबरगोळ्या रेशमाला थेट लागू देऊ नका, रुमालात बांधून कोपऱ्यात ठेवा. खोके जमिनीवर नाहीत, पाटांवर आणि फळ्यांवर ठेवले, भिंतीपासून वीतभर लांब. आमच्या घरात जेवणाचे आठ पाट होते, आठही कामाला आले. नावं परमनंट मार्करने, आणि तीही खोक्याच्या दोन बाजूंना, कारण वरचं नाव दुसरा खोका चढला की दिसत नाही.

आणि वहीच्या उरलेल्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला. हे काम मला मार्चमध्ये एका संध्याकाळी जमलं असतं.

घुमटाची गोष्ट नवऱ्याच्या जिव्हाळ्याची. चतुर्थीच्या आरत्यांना तो ते वाजवतो. मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला चामडं चढवलेलं, मागचं छोटं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं चामडं लावायचे, ते आता वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमचं बकरीच्या चामड्याचं. पॅकर्सचा मुलगा त्याला बबल रॅप गुंडाळायला निघाला होता. नवऱ्याने थांबवलं. प्लॅस्टिक थेट गुंडाळलं तर चामड्याला घाम सुटतो आणि ते सैल पडतं. त्याने आधी सासूबाईंचं जुनं सुती लुगडं फाडून दोन थर गुंडाळले. चामड्याच्या तोंडावर घुमटापेक्षा मोठी पुठ्ठ्याची चकती ठेवली, ती चामड्याला टेकणार नाही अशी, कडेला कापडाची वळकटी देऊन. आत काहीही कोंबलं नाही, कारण आतून चामड्यावर दाब आला की ते एका दणक्यात फाटतं. मग सगळं एका मोठ्या बादलीत गोधडीच्या घरट्यात, तोंड वर. बादलीचं कडं हातात धरता येतं, म्हणून बादली. सबंध प्रवासात ती मुलाच्या पायांमध्ये होती.

माटोळी सोडवताना सासूबाई स्वतः खुर्ची घेऊन बसल्या. चौकटीच्या पट्ट्या एकमेकींत खाचांनी बसतात, खिळा एकही नाही. कुठली खाच कुठल्या खाचेत हे फक्त त्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं तसं मी प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहिला, १ ला १, २ ला २, या वेळी पेन्सिलीने. मग पट्ट्या जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधल्या. चिकटपट्टी लाकडाला लावली नाही, पॉलिश सोलून येतं. पलंगाचे स्क्रू तसेच, एका पिशवीत घालून, पिशवीवर 'पलंग' लिहून, ती पलंगाच्याच पाटीला बांधली.

देव मात्र शेवटच्या सकाळपर्यंत देव्हाऱ्यातच होते. ते तांब्याच्या डब्यात, रेशमी कापडात, आणि डबा सासूबाईंच्या मांडीवर.

११ जूनला कंपनीची चार माणसं सकाळी नऊला आली. मुलं हुशार होती. बशा आडव्या न रचता उभ्या, एकेक कागदात गुंडाळून, खोक्यात पुस्तकांसारख्या लावल्या. मी विचारलं तर त्यातला एकजण म्हणाला, "दीदी, उभी बशी धक्का काठावर घेते, आडवी पोटावर घेते." त्यांच्याकडे छापील वर्तमानपत्र नव्हतं, कोरा कागद होता, पांढऱ्या चिनी मातीवर शाईचे डाग पडतात म्हणून. फ्रिज आम्ही २४ तास आधी बंद करून, पुसून, दार उघडं ठेवलं होतं. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर ड्रम घट्ट धरणारे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. आमचे बोल्ट कधीच हरवले होते, सर्व्हिस सेंटरमधून ३८० रुपयांना आणले. टीव्हीच्या मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवला होता, पुण्यात तो मुलानेच पाहून जोडला.

सुपरवायझरने एक गोष्ट आवर्जून विचारली, घरात दारू आहे का. सासूबाईंची गुडघ्यांना चोळायची काजूच्या फेणीची अर्धी बाटली होती. तो म्हणाला, काकी, ही गाडीत नको, महाराष्ट्रात गोव्याची दारू परवान्याशिवाय नेणं गुन्हा आहे, मोले असो की पत्रादेवी, कुठल्याही नाक्यापलीकडे गाडी थांबवली तर सगळा माल अडकेल. बाटली शेजारच्या वहिनींकडे गेली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, पण ड्रायव्हरजवळ आमच्या सहीची सामानाची यादी, आधारची प्रत आणि मालाची पावती असे तीन कागद दिले.

१२ जूनला सकाळी सहापासून पाऊस. ट्रक दारापर्यंत येत नव्हता, साठ पावलं चालावं लागत होतं. मुलांनी पडवीपासून ट्रकपर्यंत ताडपत्री धरली, आणि गाद्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत असल्यामुळे वाचल्या. साडेअकराला ट्रक हलला. घरमालकांनी भिंती आणि नळ पाहून अनामत रक्कम तिथेच परत केली, विजेचं शेवटचं रीडिंग दोघांनी मिळून फोटो काढून ठेवलं. वहिनींनी डब्यात सोलकढी आणि भात दिला. रिकाम्या घरात सासूबाईंनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि आम्ही बांदा, सावंतवाडी, आंबोली असे निघालो.

ट्रक १४ तारखेला दुपारी आला. सही करायची घाई करू नका, कितीही थकला असलात तरी. आम्ही खोके आकड्यांप्रमाणे मोजून घेतले, ७४ पैकी ७४. शोकेसची काच तडकलेली दिसली. डिलिव्हरीच्या कागदावर 'शोकेसची उजवी काच तडकलेली मिळाली' असं आधी लिहिलं, फोटो काढले, ड्रायव्हरची सही घेतली आणि मग आमची केली. त्या एका ओळीमुळे सात आठवड्यांनी २,८०० रुपये मिळाले. विमा नसेल तरीही लेखी नोटीस द्यायचा हक्क असतो. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात त्याला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची मुदत आहे. कोणी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फ्रिज उभा ठेवून सहा तासांनी चालू केला.

पहिल्या रात्रीसाठी एक खोका वेगळा ठेवला होता: चादरी, टॉवेल, औषधं, चार ताटं, कुकर, चहापूड, कात्री, दोन बल्ब, मोबाईलचे चार्जर. शेगडीला जोडणी यायची होती, म्हणून इंडक्शनही त्यातच. रात्री दहाला त्यावर पेज केली. लोणच्याची बरणी भरलेली आणली नव्हती, लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात आणि बरणी रिकामी, ते शहाणपण सासूबाईंचं.

खोके मात्र लगेच फोडा. जागा नाही म्हणून पुस्तकांचे खोके पुढच्या महिन्यावर टाकले असते, तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत परत तेच झालं असतं. आम्ही पुस्तकं आणि कपडे तिसऱ्या दिवशी बाहेर काढले, वाऱ्यावर ठेवले. वास येत नव्हता.

वहीचं काम अजून चालू आहे. ढवळीतल्या भजनी मंडळातले एक काका, वडिलांबरोबर बसायचे, ते फोनवर अभंग म्हणून दाखवतात आणि मी त्यातून गेलेल्या ओळी नव्या वहीत पेन्सिलीने उतरवते. चाळीस पानांपैकी सतरा झालीत.

६ सप्टेंबरला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, माटोळीची चादर सोडली. फ्लॅटच्या छताला प्लंबरकडून दोन हूक बसवून घेतले होते. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि एकेक पट्टी हातात घेऊन जोडावरचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचत होत्या. चार ला चार, पाच ला पाच. सहाव्या जोडाला थोडा जोर लावावा लागला, पावसाळी हवेत लाकूड जरा फुगलं होतं, नवऱ्याने हाताच्या तळव्याने ठोकलं तसं ते बसलं. फळं बांधायला केवणीची साल मिळाली नाही, सुतळीने बांधली. मग त्याने बादलीतून घुमट काढलं, लुगडं उलगडलं, चामड्यावर बोट मारून पाहिलं आणि मुलाच्या हातात दिलं.